सिडनीत नदी बघायची होती

पाउलिआसीने बायको ठरायच्या आधी मधुचंद्र ठरवला होता. टोंगातल्या वावाउ बेटावर, नेइआफूच्या बंदरात, जहाज कंपनीच्या कचेरीत तो कारकून. दर हंगामात गोरी जोडपी बंदरात उतरत, गळ्यात हार घालून होडीत बसत, आणि हा कामं सोडून खिडकीतून त्यांच्याकडे बघत राही. लग्न झालं की आपणही असंच परदेशी जायचं, हे त्याचं पक्कं होतं. कुणाबरोबर, ते पुढे बघता येईल.

बरोबर आली वाइमोआना. प्राथमिक शाळेत मास्तरीण, उंचपुरी, आणि तिरकस बोलण्याबद्दल सगळ्या वावाउत प्रसिद्ध. पोरं तिच्या पट्टीला भीत नसत, तिच्या "अस्सं का?"ला भीत. तिने पाउलिआसीत काय पाहिलं हे तिच्या आईलाही कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "चर्चमध्ये गातो बरा. बोलायला लागला की काय होतं ते लग्नानंतर कळलं."

जायचं ठरलं सिडनीला, कारण तिथे पाउलिआसीची आत्या मेलेनाइते राहायची. आमच्याकडे परदेश म्हणजे जिथे आपली आत्या किंवा मामा आहे तो देश. हॉटेलात उतरणारा माणूस एक तर गोरा असतो, नाहीतर घरच्यांशी भांडलेला.

निघायच्या आधी पाउलिआसी रोज संध्याकाळी फोनवर सिडनीतल्या गोष्टी निवडत बसे. निवडायची पद्धत सोपी होती: ज्याचा फोटो दुसऱ्यांनी आधीच टाकलाय, ते घ्यायचं. मोठ्या पुलाच्या कमानीवर चढणं घेतलं. गोल फिरणाऱ्या मनोऱ्यातलं जेवण घेतलं. आणि बोटीतून देवमासे बघणं घेतलं.

"देवमासे?" वाइमोआनाने विचारलं.

"मधुचंद्राला आलेली सगळी जोडपी घेतात."

"ती जोडपी देवमासे बघायला आपल्याकडे येतात. तुझी आई कपडे वाळत घालताना बघते."

"तिथली बोट वेगळी असते. दोन मजली."

"अस्सं का. मग देवमाशांची सोय झाली."

पाउलिआसीने हे मनावर घेतलं नाही. उलट मोठेपणाने विचारलं, "बरं, तुला काय बघायचंय?"

"नदी."

आमच्या बेटावर नदी नाही. पाऊस पडतो तो जमिनीत जिरतो, छपरावरचा तेवढा टाकीत येतो. वाइमोआना मात्र वर्षानुवर्षं फळ्यावर निळ्या खडूने नदी काढत आली होती. डोंगरातून निघते, धावते, उड्या मारते, समुद्राला मिळते, असं पोरांकडून घोकून घ्यायची. स्वतः न पाहिलेल्या गोष्टीवरून पोरांना दटावताना तिला मनातून लाज वाटे, आणि लाज वाटली की ती आणखी दटावे.

"नदीत काय बघायचं? पाणीच ना," पाउलिआसी हसला. "पाण्याला काय तोटा आहे आपल्याकडे?" आणि पुन्हा फोनमध्ये शिरला.

सिडनीत आत्याच्या घरी पोचले ते ऐन थंडीत. मेलेनाइते वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करी आणि उरलेल्या वेळात नातेवाइकांवर हुकूम सोडी. बापाची बहीण म्हणजे आमच्याकडे सगळ्यांच्या वरची. तिच्यापुढे भाच्याने आवाज चढवायचा नसतो. रविवारी तिने नवरा-नवरीला सकाळी एका चर्चमध्ये नेलं आणि संध्याकाळी दुसऱ्या. सोमवारी एका ओळखीच्या घरी मयत झालं होतं, तिथे आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटया गुंडाळून दिवसभर बसवलं. त्या घरातल्या बायकांनी वाइमोआनाला निरखून घेतलं आणि नवरी मजबूत आहे असा निकाल दिला.

मग पाउलिआसीच्या निवडी सुरू झाल्या. दोन मजली बोट बंदराबाहेर पडली तशी ती डुलायला लागली, आणि बेटावर जन्मलेला, जहाज कंपनीत नोकरी करणारा हा माणूस कठड्याला धरून ओकायला लागला. लांबवर एक काळी पाठ वर आली आणि गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोटीवर माहिती सांगणारी मुलगी वाइमोआनाजवळ आली.

"तुम्ही कुठल्या?"

"टोंगाच्या. वावाउच्या."

"काय सांगता. तिथे तर देवमासे अगदी किनाऱ्यापाशी येतात."

"हळू बोल, बाई," वाइमोआना म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या कानावर जायला नको. आधीच त्याच्या पोटात काही राहत नाहीये."

मनोऱ्यात जेवायला गेले, तर ताटलीत एक पान आणि त्याखाली लपलेला माशाचा तुकडा. पाउलिआसीने त्याचे इतके फोटो काढले की तो गार झाला. घरी आल्यावर दोघांनी आत्याकडचा अळूचा कंद आणि डबाबंद मांस पोटभर खाल्लं.

"जेवून आलात की नुसतं बघून आलात?" आत्याने विचारलं.

पुलाची तर कथाच झाली. अंगावर खास कपडे चढवले, पट्टे बांधले, आणि तिथल्या माणसाने सांगितलं की फोन वर नेता येणार नाही, हातातून पडला तर खालच्या रस्त्यावर कुणाचं तरी डोकं फुटेल. पाउलिआसीचा चेहरा पडला. फोटो नाही तर चढायचं कशाला, हे त्याला उमगेना. शेवटी वारा फार आहे असं म्हणून त्याने पट्टे सोडले. वाऱ्याने तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं. घरी येऊन वाइमोआनाने आत्याला सगळं सांगितलं, त्याच्या देखत.

मेलेनाइते पोट धरून हसली. मग म्हणाली, "याचं झालं. पोरी, तुझं काय राहिलं?"

"नदी, आत्या."

"नदी? ती तर इथे मागेच आहे. तिच्या पुलावरून मी रोज कामाला जाते, मान वळवून बघितली नाही कधी. पाउला, ऊठ. गाडीत बस."

"आत्या, आज दुकानात जायचं होतं..."

"मी विचारलं का तुला?"

तो मुकाट्याने मागच्या सीटवर बसला.

नदी रुंद होती, तपकिरी होती, आणि इतकी गप्प होती की वाइमोआनाला ती थांबलेलीच वाटली. "ही वाहतेय का?" तिने विचारलं.

"वाहत असावी," आत्या म्हणाली. "नाव तर नदीच आहे."

वाइमोआनाने झाडाच्या सालीचा एक तुकडा पाण्यात टाकला. तो जागच्या जागी वळला, मग सावकाश निघाला. ती काठाने त्याच्याबरोबर चालत गेली, वाट संपेपर्यंत. उड्या नाहीत, धावणं नाही. सगळं खोटं शिकवलं, असं तिच्या मनात आलं. ओंजळभर पाणी घेऊन तिने चाखलं. गोडं होतं. एवढं गोडं पाणी, आणि टाकी नाही, झाकण नाही, कुणी हात लावू नको म्हणत नाही. तिने पुन्हा ओंजळ भरली.

"थुंक ते, आजारी पडशील," पाउलिआसी मागून म्हणाला. त्याने फोटो काढून बघितला. "यात तर काहीच दिसत नाही. झालं तुझं?"

"नाही," ती म्हणाली आणि थंड गवतावर बसली. तिच्याशेजारी आत्या बसली. पाउलिआसी ऊन उतरेपर्यंत गाडीपाशी उभा राहिला.

बेटावर परतल्यावर वाइमोआनाने वर्गात सांगितलं की नदी धावतेच असं नाही, कधी कधी ती नुसती चालते, आणि आजवर मी चुकीचं सांगत होते. पोरांनी मुकाट्याने वह्यांत खोडून दुरुस्त केलं.

पाउलिआसीचा वर्ग म्हणजे संध्याकाळी कावा, ते मुळं कुटून केलेलं सुस्ती आणणारं पेय, प्यायला जमणारी मंडळी. तिथे तो पुलाच्या कमानीवरून खाली पसरलेलं शहर, भणाणता वारा, मुंगीएवढ्या मोटारी, असं सगळं रंगवून सांगू लागला. एकदा वाइमोआना त्याला जेवायला बोलवायला आली आणि दारातच ऐकत उभी राहिली.

"वर पोचल्यावर काढलेला फोटो कुठाय रे?" तिने शांतपणे विचारलं. "दाखव ना यांना."

सगळी मंडळी त्याच्याकडे बघू लागली. पाउलिआसीने कावाची वाटी तोंडाला लावली आणि ती रिकामी झाल्यावरही बराच वेळ खाली ठेवली नाही.