इल्पोचा गुडघा

इल्पो तास्किनेन गोलरक्षक झाला तो काही हौसेनं नाही. कोस्किनिएमीच्या कागद गिरणीनं पोरांच्या बर्फावरच्या हॉकीच्या संघाला गोलरक्षकाच्या पायांना बांधायच्या जाड गाद्यांची एकच जोडी दिली होती. ती मोठ्या माणसाच्या मापाची. बांधून धड उभा राहू शकेल असा धिप्पाड पोरगा तेवढा एकटाच होता. बाकीचे गोल मारून हात उंचावायचे आणि हा आपला जाळ्यापुढं उभा. पण त्या उभं राहण्यातच त्याला गोडी लागली. खेळायची रबरी चकती कुठून येणार हे मारणाऱ्याच्या खांद्यावरूनच त्याला आधी कळायचं.

त्याचे वडील आइनो गिरणीतली पाळी संपवून यायचे आणि गोलामागच्या काचेशी उभे राहायचे. सामना संपला की म्हणायचे, "बरं होतं." जिंकला तरी तेच, हरला तरी तेच. आमच्या फिनलंडातल्या सावो भागातला बाप पोराला याहून जास्त काही म्हणाला, तर घरचे त्याच्या कपाळाला हात लावून बघतात.

एकविसाव्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या संघानं इल्पोला उचललं. पहिले तीन हिवाळे त्याला सगळं हसतखेळत मिळत गेलं. पेपरात फोटो आला, अनोळखी माणसं कॉफी पाजायला लागली. सिर्पा त्याला तिथंच भेटली. ती शहरात बस चालवायची आणि हॉकीतलं तिला काडीचंही कळत नव्हतं, हे त्याला फार बरं वाटलं.

मग सत्त्याऐंशीच्या मार्चमधला उपांत्य सामना आला. दोन-दोन अशी बरोबरी, चार मिनिटं शिल्लक. समोरच्या संघातल्या कुणीतरी दमून, नुसती लांब जावी म्हणून, आपल्याच अर्ध्यातून चकती भिरकावली. ती रांगत आली. इल्पोनं वाकून स्टिक आडवी धरली. बर्फावरच्या एका ओरखड्यावरून चकतीनं उडी घेतली आणि ती त्याच्या पायांमधून आत गेली. सात हजार माणसं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात चित्र आलं: इल्पो पहारेकऱ्याच्या वेशात उभा आणि त्याच्या पायांमधून आगगाडी चाललेली.

त्यानंतर बाजारात लोक विचारायचे, "काय रे, दार लोटून घ्यायला विसरलास होय?" तो हसायचा. पण आता मारणाऱ्याचा खांदा बघायच्या ऐवजी तो स्वतःच्या पायांकडं बघायला लागला होता. पुढच्या मोसमात त्याला राखीव बसवलं. सरावात डाव्या गुडघ्याचं हाड सरकलं, ऑपरेशन झालं, परत आला तो पुन्हा बाकावरच. त्याच वर्षी संघानं तिसरा क्रमांक मिळवला आणि त्याच्याही गळ्यात कांस्यपदक पडलं. वर्षभरात तो एक मिनिटही खेळला नव्हता. घरी येऊन त्यानं ते पदक हातमोज्यांच्या खणात, मोज्यांखाली ठेवलं. वसंतात व्यवस्थापकानं त्याला बोलावून कॉफी दिली, वर दालचिनीचा पावही दिला. पाव बघताच करार संपला हे इल्पो समजून गेला.

तो पंचविसाचा होता. घरी जायचं कसं, या विचारानं दोन आठवडे त्याला झोप नव्हती. शेवटी सिर्पाच म्हणाली, "जायचं तर जाऊ. बस तिकडंही चालतात."

कोस्किनिएमीचा संघ तेव्हा लीगच्या दुसऱ्या वर्गात खेळत होता. इल्पो सकाळी गिरणीच्या गोदामात काम करायचा आणि संध्याकाळी खेळायचा. आइनो रविवारी त्याला गोठलेल्या तळ्यावर न्यायचे. बर्फ फोडून दोघं खालून जाळं ओढायचे. असंच एकदा जाळं ओढता ओढता म्हातारा म्हणाला, "जाळं म्हणजे काय रे? दोऱ्यानं बांधलेली भोकंच. तरी जेवणापुरतं अडकतं त्यात." बोटांएवढे चंदेरी मासे राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळून खाल्ले. सत्त्याऐंशीच्या त्या सामन्याबद्दल बापलेकांत आयुष्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

हळूहळू इल्पोची नजर पुन्हा खांद्यांवर गेली. त्र्याण्णवच्या वसंतात, तो तीस वर्षांचा असताना, संघ पहिल्या वर्गाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. शेवटचा सामना आमच्याच बर्फाच्या रिंकवर होता. जिंकलो की वर.

त्या संघाचा राखीव गोलरक्षक होता पेन्ट्टी, छत्तीस वर्षांचा पोस्टमन. सहा हिवाळे तो बाकाच्या टोकाला बसून, आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूंसाठी फाटक उघडत होता. लोक म्हणायचे, फिनलंडात एवढ्यांदा दार हॉटेलचा दरबानही उघडत नाही. त्या पूर्ण मोसमात तो एकदाही बर्फावर उतरला नव्हता.

आठ मिनिटं राहिली तेव्हा आम्ही पाच-एकनं पुढं होतो. लोक उभे राहून गायला लागले होते. खेळ थांबला असताना इल्पोनं बाकाकडं पाहिलं. पेन्ट्टी हसत होता, सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत होता आणि मधूनच आपल्या कोऱ्या करकरीत गाद्यांवरून हात फिरवत होता. इल्पोला खणातलं ते पदक आठवलं. तो गोल सोडून लंगडत बाकापाशी आला.

"रायमो, गुडघा गेला," तो प्रशिक्षकाला म्हणाला.

रायमोनं त्याच्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, शिवी गिळली आणि पेन्ट्टीला खूण केली. पेन्ट्टी इतका गडबडला की फाटक उघडायचं सोडून त्यावरून चढून गेला.

पहिला गोल दीड मिनिटातच बसला. दुसरा त्याच्या खांद्याला लागून आत गेला. गाणं बंद पडलं. तिसरा बसला तेव्हा पाच-चार झालं होतं आणि अजून तीन मिनिटं होती. रायमो बाकामागून येऊन इल्पोच्या कानाशी वाकला.

"गुडघा कसा आहे?"

इल्पोनं समोर पाहिलं. पेन्ट्टी गोलात उभा राहून त्याच्याकडंच बघत होता. ये म्हणत नव्हता, नको म्हणत नव्हता.

"वाईट आहे," इल्पो म्हणाला.

"वरच्या वर्गात पोचलो नाही ना, तर तुझा दुसरा गुडघाही तसाच करीन," रायमो म्हणाला.

ती तीन मिनिटं इल्पोच्या जिवाला जड गेली. आपण हे कुणासाठी केलं, पेन्ट्टीसाठी की स्वतःसाठी, असं त्याच्या मनात आलं आणि उत्तर काही बरं नव्हतं. वीस माणसांच्या वर्षभराच्या घामाचं त्यानं परस्पर दान दिलं होतं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात समोरच्या संघातला एकजण मोकळा सुटला. त्यानं मारलेली चकती पेन्ट्टीच्या मुखवट्यावर आदळली, वर उडाली, तो पालथा कोसळला आणि ती त्याच्याच पाठीवर पडली. तो तसाच, पाठीवर चकती घेऊन, सामना संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत पडून राहिला.

नंतर सौनाच्या वाफेच्या खोलीत दोघंच उरले. पेन्ट्टीनं दगडांवर पळीभर पाणी ओतलं आणि वाफ बसल्यावर विचारलं, "कुठला दुखत होता?"

"डावा."

"लंगडत तर उजव्यानं होतास."

पेन्ट्टीनं आणखी एक पळी ओतली. "मला सांगायचंस तरी. सकाळी कमी जेवलो असतो."

रायमो महिनाभर इल्पोशी बोलला नाही. शेवटी बोलला तेव्हा म्हणाला की असं पुन्हा केलंस तर संघात राहणार नाहीस, आणि त्याचं बरोबर आहे हे इल्पोनं मान्य केलं. पेन्ट्टीनं त्या उन्हाळ्यात खेळ सोडला. आइनोंनी त्या सामन्याबद्दलही "बरं होतं" एवढंच म्हटलं, पण या वेळी म्हणायला चार दिवस घेतले.

वरच्या वर्गात आमचा संघ चार वर्षं टिकला. पहिल्या वर्षी बरेचसे सामने हरला, तरी दक्षिणेतल्या त्या जुन्या संघाला त्यांच्याच रिंकवर हरवताना इल्पोनं बेचाळीस फटके अडवले. पेपरात दोन ओळी आल्या. तिसऱ्या वर्षी तो पुन्हा राखीव झाला आणि मुकाट्यानं फाटक उघडत बसला. चौथ्या वर्षी संघ खाली घसरला. त्याच वसंतात, चौतिसाव्या वर्षी, इल्पोनं गाद्या उतरवल्या. कुणी बोलावून कॉफी पाजायच्या आत त्यानंच रायमोला घरी बोलावलं आणि सिर्पानं केलेल्या पावाबरोबर ते सांगून टाकलं.

गिरणी आता निम्मी बंद आहे. इल्पो नगरपालिकेच्या पाणी खात्यात होता, तिथूनही निवृत्त झाला. आइनो गेले. रविवारी तो पेन्ट्टीला घेऊन तळ्यावर जाळं ओढायला जातो. पेन्ट्टी त्या आठ मिनिटांची गोष्ट भेटेल त्याला सांगतो, आणि त्यानं अडवलेले फटके दर हिवाळ्यात वाढत जातात. गेल्या वर्षी सतरावर गेले होते. खरे चार होते. इल्पो जाळं ओढत ऐकतो आणि कुणी विचारलंच, तर म्हणतो की तेवढे असतीलही, आपण काही मोजत नव्हतो.