तुंबलेल्या पाइपातला मेतोद

पावलीना हुदाकचा भुतांवर विश्वास नव्हता. पवित्र आत्म्यावर होता, पण तो रविवारच्या प्रार्थनेपुरता, आणि तो काही तळघरात येत नसे. त्यामुळे नवऱ्याला पुरून एक उन्हाळा उलटायच्या आत तो खाली खाकरला, तेव्हा घाबरायचं सोडून तिने सवयीने हाक मारली, "आलास? बूट खालीच काढ."

मग ती सिंकपाशी तशीच उभी राहिली. हातात सिंकचं बूच होतं. भांडी घासून झाली होती आणि पाणी नुकतंच सुटलं होतं.

खाकरणं अगदी त्याचं होतं. आधी खोल घशातली गुडगुड, मग जरा थांबून एकच मोठा, समाधानी खाकारा. पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या टेकडीवर जी घरं आहेत, त्यांच्या तळघरात मधोमध एक कमोड असतो, ना आडोसा, ना दार. पोलादाच्या कारखान्यातून काळाठिक्कर होऊन आलेल्या माणसाने मागच्या दाराने थेट तिथे शिरायचं, कपडे टाकायचे, अंग धुवायचं, माणसात यायचं आणि मगच वर जेवायला यायचं, असा रिवाज. मेतोद खाली खाकरला की पावलीना वर हलुश्की वाढायला घ्यायची. कोबी आणि शेवया गार झालेल्या त्याला चालत नसत. पुढे कारखाना बंद पडला आणि मेतोद शाळेच्या बॉयलरवर लागला. तिथे काळं होण्यासारखं काही नव्हतं. तरी तो मागच्याच दाराने येत राहिला, तिथेच बसत राहिला आणि तिथेच खाकरत राहिला.

आता हा आवाज कुठून येतो हे पावलीनाला कळत नव्हतं अशातला भाग नाही. मेतोद हुदाकची बायको होती ती. मेतोद देवाला वर्षातून दोनदा भेटायचा आणि ड्रेनेजला दर महिन्याला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो घरातल्या प्रत्येक मोरीत बादलीभर गरम पाणी सोडायचा. तळघराच्या जमिनीतल्या जाळीवर कुणी पाणी सांडत नाही, म्हणून तिथे मुद्दाम ओतायचा, नाहीतर आतलं पाणी आटतं आणि सगळ्या गावाच्या गटाराचा वास घरात येतो. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस तो स्वतः काढायचा आणि ते कुणाचे आहेत हे जेवताना जाहीर करायचा. सिंकमध्ये चरबी ओतणं हे त्याच्या लेखी चोरीच्या वरचं आणि खुनाच्या जरा खालचं पाप होतं. बेकनची चरबी कॉफीच्या रिकाम्या डब्यात गोठवायची आणि कचऱ्यात टाकायची. तवा आधी कागदाने पुसायचा, मग त्याला पाणी दाखवायचं.

आणि बर्फ वितळला की मशीन भाड्याने आणून तो रस्त्यापर्यंतच्या पाइपात अडलेलं तोडून काढणारी लांब स्प्रिंग मारायचा. त्या गल्लीतले पाइप भाजक्या मातीचे, आजोबांच्या काळचे. दारातल्या मेपलच्या झाडाने त्यांचा प्रत्येक सांधा शोधून काढलेला. आत केसासारखं बारीक मूळ शिरतं, त्याला चरबी चिकटते, चरबीला कागद चिकटतो. वरून सोडलेलं पाणी तिथे अडतं, हवा मागे ढकलली जाते, आणि ती तळघरातल्या कमोडमधून गुडगुडत बाहेर पडते.

हे सगळं पावलीनाला पाठ होतं. त्याचा उपयोग झाला नाही, एवढंच.

मेतोद गेल्यानंतरचा पहिला वसंत तिने नुसता जाऊ दिला. दुसराही. पूर्वी कारखान्याची पहिली पाळी सुटायची ती दुपारची वेळ झाली की ती सिंक काठोकाठ भरायची, ताट मांडायची आणि बूच काढायची. तो खाकरायचा. मग ती बसून जेवायची. दिवसभरातलं काय काय त्याला सांगायची. तो त्यावर काही बोलायचा नाही, आणि जिवंतपणीही त्याचं जेवताना बोलणं साधारण इतकंच असे.

मुलगी कोलंबसला होती, मार्सेला. तिचा फोन यायचा.

"आई, पाइप साफ करून घेतलास का?"

"घेतला."

"कुणाकडून?"

"माणसाकडून."

"कुठल्या माणसाकडून?"

"मशीनवाल्या. बापासारखी उलटतपासणी घेऊ नकोस."

"बाबा असते तर त्यांनी बिल बघायला मागितलं असतं."

"म्हणूनच त्यांना कुणी घरी बोलवायचं नाही," पावलीना म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

जूनमध्ये मोठं वादळ झालं. त्या घरांच्या छपराचं पाणीही त्याच पाइपात उतरतं. रात्रभर आभाळ कोसळलं, लोंढ्याने पाइपात अडलेलं सगळं वाहून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने बूच काढलं तर पाणी निमूट निघून गेलं. खाली काही नाही. तिने पुन्हा सिंक भरलं, पुन्हा सोडलं. मग न्हाणीघरातला टब. मग वॉशिंग मशीन रिकामीच चालवली. तळघरात जाऊन पायरीवर बसली. कमोडमधलं पाणी आरशासारखं स्थिर होतं, आणि त्यात वरचा दिवा तेवढा दिसत होता.

असे चार-पाच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत तिने नवऱ्याला दुसऱ्यांदा पुरलं.

मग एका सकाळी तिने बेकन परतलं. खायचं नव्हतं तिला. तवा उचलला, कॉफीचा डबा हाताशीच होता, आणि तिने तवा सिंकवर तिरका केला. चरबी चर्र करत जाळीतून खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रोज थोडी थोडी ओतत गेली. आठवडा भरायच्या आत मेतोद परत आला. आवाज जरासा बदलला होता, सर्दी झाल्यासारखा जाड. पण इतका लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला सर्दी होणारच, असं तिने स्वतःला सांगितलं.

स्वतःला न सांगितलेली गोष्ट वेगळी होती. भिंतीला भिंत लागून शेजारच्या घरात मेतोदचा थोरला भाऊ सिरिल राही. आईने दोन्ही पोरांना स्लोव्हाक लोकांच्या जोडसंतांची नावं दिली होती. संतांचं जगात बरंच नाव झालं. ह्या दोघांच्या वाट्याला ड्रेनेजचा एक सामाईक पाइप आला. दोन्ही घरांचं पाणी त्या एकाच पाइपाने रस्त्याला लागे, आणि उतारामुळे सिरिलचं तळघर हातभर खाली होतं. गुडघे गेल्यापासून सिरिल तळघरातच राहायला आला होता. पाइप पुरता तुंबला, तर घाण आधी कुणाच्या फरशीवर येणार, हे मेतोदच्या बायकोला वेगळं समजवायची गरज नव्हती.

ती दर रविवारी त्याला ताट नेऊन देई. दारातूनच विचारी, "सगळं ठीक?"

"ठीक," सिरिल म्हणे.

आत जायचं ती टाळत होती. सप्टेंबरमधल्या एका रविवारी सिरिलला दारापर्यंत येता येईना, म्हणून तिला आत जावं लागलं.

पलंगाच्या चारही पायांखाली विटा होत्या. गालिचा गुंडाळून फळीवर टाकला होता. टीव्ही टेबलावर, टेबल लाकडाच्या ठोकळ्यांवर. खोलीभर ब्लीचचा वास, आणि ब्लीचच्या खाली दुसरा एक.

"ह्या विटा कशाला?"

"पलंग बुटका होता."

"इतकी वर्षं नव्हता तो?"

"म्हातारा झाला की सगळंच बुटकं होतं. ताट दे."

"सिरिल. पाणी आलं होतं?"

"थोडंसं."

"कधी?"

सिरिलने झाकण उघडून कोल्बासी सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला. "कुठल्या वेळचं विचारतेस?"

पावलीना पलंगाच्या काठावर बसली. "मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू मशीनवाल्याला बोलावलं असतंस."

"मग?"

सिरिलने काट्याने कोपऱ्यातल्या कमोडकडे दाखवलं. त्याचाही तसाच, उघडा. "रोज दुपारी येतो की तो. तुझ्याकडे येतो तसाच. लहानपणी आम्ही एका पलंगावर झोपायचो, पावलीना. मला कधी घड्याळ लागलं नाही. हा पहाटे खाकरायचा आणि मी त्याला लाथ घालायचो. जीव नको केला होता पठ्ठ्याने." त्याने आणखी एक तुकडा तोडला. "आता मी त्या वेळेला टीव्हीचा आवाज बारीक करतो."

पावलीना खाली बघत होती, आणि खाली बघत होती म्हणूनच तिला दिसलं. सिरिलच्या उजव्या पायाला पट्टी होती, मधुमेहाची जुनी जखम. पट्टी खालून ओली आणि तपकिरी झाली होती. बोटं सुजून निळसर पडली होती.

"हा पाय तू त्या पाण्यात घातलास?"

"पाणी पायाकडे आलं. मी त्याला बोलवायला गेलो नव्हतो."

"मी चरबी ओतली," पावलीना म्हणाली. "सिंकमध्ये. मुद्दाम. वादळानंतर त्याचा आवाज बंद झाला म्हणून."

सिरिलच्या हातातला काटा थांबला. भावाच्या मरणाची बातमी कळली तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर इतका धक्का दिसला नव्हता.

"मेतोदच्या सिंकमध्ये?"

"हो."

"गरम की गार?"

"गरम."

"अरे देवा! तो असता तर घटस्फोट दिला असता तुला."

"तो असता तर ओतली कशाला असती?"

पावलीनाने आधी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर येऊन जखम धुऊन गेला आणि जाताना म्हणाला, पाय आज तरी आहे. ह्या फरशीवर पुन्हा तसलं पाणी आलं तर पुढचं सांगत नाही. मग तिने दुसरा फोन लावला.

मॅकार्डल नावाचा माणूस मशीन घेऊन आला. अंगाने रुंद आणि बोलायला सैल. पावलीनाच्या तळघरातल्या पाइपाच्या तोंडाचं, मेतोदने दरवर्षी ग्रीस लावून ठेवलेलं पितळी झाकण त्याने एका झटक्यात फिरवलं आणि शीळ घातली. "इथे कुणीतरी लक्ष ठेवून होतं, मिसेस हुदाक. अर्ध्या गावात हे छिन्नीने फोडावं लागतं."

"थांब," पावलीना म्हणाली. "मशीन नंतर. आधी वर जा, सिंक काठोकाठ भर, आणि मी शेजारून भिंतीवर ठोकलं की बूच काढ."

"टेस्ट?"

"हो. टेस्ट."

गिऱ्हाईक म्हणेल ते करावं अशा मुद्रेने तो जिना चढला. पावलीना शेजारच्या तळघरात गेली. सिरिल पलंगावर बसला होता, पाय उशीवर. टीव्ही बंद होता. तिने हाताची मूठ वळली, ती भिंतीपर्यंत नेली आणि परत खाली आणली.

"ठोक," सिरिल म्हणाला. "नाहीतर तो माणूस तुझ्या फ्रिजमधलं खाऊन टाकेल."

तिने ठोकलं.

आधी भिंतीत सळसळ उतरत आली. मग कमोडमधलं पाणी थरारलं, आणि मेतोद आला. खोल गुडगुड. जरा थांबला. मग तो एकच खाकारा, जाड, ओला, इतका जवळून की पावलीनाने नकळत एप्रनचा काठ मुठीत धरला.

"आलास?" सिरिल हळूच म्हणाला.

पावलीनाला काहीतरी म्हणायचं होतं. दोन वर्षं ती रोज बोलत आली होती आणि आत्ताच काही सुचेना. पाणी हेलकावलं, एक बुडबुडा उशिरा वर आला, फुटला. मग काही नाही.

भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. जमिनीखालून स्प्रिंग खरवडत रस्त्याकडे जाताना ऐकू येत होती. ती कुठे अडते, अडल्यावर कशी कण्हते, कशी तोडून पुढे सरकते, ते दोघं ऐकत होते. दोघांपैकी कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मॅकार्डल बादली घेऊन सिरिलच्या दारात आला. बादलीत भिजल्या दाढीसारखा मुळांचा गुंता होता आणि त्यात मेणासारखे पांढरे गोळे. "मुळांचं समजू शकतो," तो म्हणाला. "पण ही चरबी ताजी आहे. कोण ओततं?"

पावलीनाने तोंड उघडलं.

"मी," सिरिल म्हणाला. डॉक्टरने त्याचं बेकन बंद केल्याला कितीतरी वर्षं झाली होती.

मॅकार्डलने त्याला चरबी, तवा, कागद आणि कॉफीचा डबा ह्या विषयावर भरपूर सुनावलं. सिरिलने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तेच व्याख्यान त्याने धाकट्या भावाकडून ऐकलं होतं तेव्हा त्याला शिव्या देऊन हाकललं होतं.

"आता वर जाऊन सोडा पाणी," मॅकार्डल शेवटी म्हणाला. "चूं होणार नाही."

"आम्हाला माहीत आहे," पावलीना म्हणाली.

तो हात पुसत दारात रेंगाळला. "झाड तिथेच आहे, तेव्हा मुळं येणार. वर्ष, दीड वर्ष. माझं ऐकाल तर दर वसंतात बोलवा. आणि मधेच हा कमोड गुडगुडला, तर पहिल्या आवाजाला फोन करा. थांबलात की पाय गेला म्हणून समजा, साहेब."

पावलीनाने सिरिलकडे पाहिलं. सिरिल कमोडकडे बघत होता.

"दुसऱ्या आवाजाला केला तर?" त्याने विचारलं.

मॅकार्डल हसला. त्याला तो विनोद वाटला. "दुसऱ्याला करा. तिसऱ्याची वाट बघू नका म्हणजे झालं."

"एक आवाज सिरिलकडे ऐकू, एक माझ्याकडे," पावलीना म्हणाली. "तिसऱ्याची वाट नाही बघणार."