मंगळावर निघालेली वहिनीची बाई

माझं अक्षर सुरेख आहे, हे जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला विसरूही देत नसे. मंडळाचा हस्तलिखित दिवाळी अंक दरवर्षी मीच लिहून काढायची. प्रत एकच. गोहलपुरातल्या बाइंडरकडून बांधून घेतली की ती घरोघरी दोन-दोन दिवस फिरायची, आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर लोक अभिप्राय लिहायचे.

पासष्टच्या लढाईत दादाच्या तोफांच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला. दादा घरी जेवण्या-झोपण्यापुरता यायचा. त्याची नवी बायको, म्हणजे माझी वहिनी, रिकाम्या दुपारी गोष्ट लिहायला बसली. मीही त्या वर्षी एक दिली होती, राजकन्येची. संपादककाका मला म्हणाले, "अच्छा, अगली बार देखेंगे," आणि वहिनीची ठेवून घेतली. वर ती लिहून काढायला मलाच दिली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गोष्टीतली बाई एकटीच यानातून मंगळावर निघते. वाटेत इंजिन बंद पडतं. ती ते उघडते, तुटलेला भाग शोधते, हातातल्या पाटल्या वितळवून नवा भाग ओतते आणि पुढे जाते. वहिनीला धड स्टोव्ह पेटवता येत नव्हता. पण दादा मशिनींबद्दल बोलायला लागला की मी उठून जायची आणि ती ऐकत बसायची. हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

गोष्टीच्या शेवटच्या पानावर मात्र तिचा शेवट गाळून मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, की पृथ्वीवरून नवऱ्याचा आवाज येतो, कुठला स्क्रू कुठे फिरवायचा ते तो सांगतो, आणि ती रडत रडत घरी परतते.

लोक वहिनीला हसतील अशी माझी खात्री होती. त्यांनी गोष्ट डोक्यावर घेतली. मदन महल भागातल्या एका आजोबांनी लिहिलं, 'शेवट अप्रतिम, डोळे पाणावले.' शेवट माझा, आणि कौतुक तिचं!

अंक आमच्या घरी आला. वहिनीने वाचला, मिटला.

"वन्सं, काहून बदलला तुम्ही शेवट?"

"लोकांना पटायला नको?"

"तिला सगळं येत होतं. दोन महिने मी तिचाच विचार करून राहिली होती," ती म्हणाली. दादाला मात्र तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी तिने नवी गोष्ट अंकाच्या कागदावर स्वतःच लिहून दिली. अक्षर वाकडंतिकडं, दोन ठिकाणी शाईचे डाग. काकांनी कागद पुन्हा लिहून काढायला माझ्यापुढे सरकवले. "नाही काका," वहिनी म्हणाली. "असंच लावा, नाही तर परत द्या." काकांनी तसंच लावलं.

अंक घरी आला तेव्हा ती गोष्ट वाचायचीच नाही असं मी ठरवलं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एकच पान पाहिलं. एक बाई शनीच्या कड्यावर विहीर खणत होती. पाणी लागतं की नाही? मी पान उलटलं, मग आणखी एक. शेगडीवर दूध उतू गेलं, वहिनीने धावत येऊन पातेलं उतरवलं, तरी माझी मान वर झाली नाही. तिचा इतका राग मला त्याआधी कधीच आला नव्हता.