सोनाबाईंचे पाणी

सोलापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा नळाशेजारी पाटी होती : ‘पाणी नाही’. इतकी खरी पाटी सरकारने क्वचितच लावली असेल. दुष्काळाचे दुसरे वर्ष. एस.टी.ने दुधनीकडे निघालो. भेगाळलेली काळी राने, रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसे. माझे कचेरीतले सहकारी कांबळे यांचे वडील अशाच दुष्काळी कामावर आठवड्यापूर्वी वारले होते. आज त्यांचे पुण्यानुमोदन (मृताला पुण्य अर्पण करण्याचा बौद्ध विधी) होते.

अंगणात बुद्धाची तसबीर, मेणबत्त्या. भंतेजी (भिक्खू) शहरातून जीपने आले होते, सोबत कर्णा. माणसे पंधरा, आवाज तीन गावांना पुरेल असा. कांबळ्यांच्या आई सोनाबाई यांनी तांब्यातले पाणी वाटीत ओतले. वाटी भरून ते ताटात सांडले. पुण्यही असेच मृतापर्यंत वाहत जाते, असे भंतेजींनी सांगितले. आत्मा नसतो, हेही त्यांनीच घटकाभर आधी सांगितले होते. मग पोचते कोणाला, हा प्रश्न मी सोनाबाईंकडे पाहून गिळला.

भाकरी आणि हुलग्याचे माडगे (कढण) झाले. जीप गेली. सोनाबाई ते ताट घेऊन माझ्यासमोर बसल्या.

“तुमी लई बुकं वाचल्याती म्हणं. ह्ये पाणी त्यास्नी पोचलं का?”

“आई, भंतेजींनी सांगितलं की आत्ता,” कांबळे म्हणाले.

“त्ये सांगणारच की. आदी कावळ्याला इचारायचो. त्यो बी कदी न्हाय म्हणला न्हाय.” मग आवाज उतरला. “ह्ये खडीवर पडले तवा पाणी मागितलं हुतं. माजी घागर रिकामी हुती.”

एका शब्दाचे खोटे पुरले असते.

“मला नाही वाटत पोचलं, मावशी.”

कांबळ्यांनी मान फिरवली. सोनाबाईंनी ताट जवळ ओढले.

“मग हितं ठिवून काय करू?”

त्यांनी ताटातले पाणी पदराने गाळून तांब्यात भरले आणि उन्हात चालू लागल्या. आम्ही मागे. खडीच्या ढिगाशी, त्यांच्या मालकांच्या जागेवर, आता दुसरा म्हातारा बसला होता.

“घ्या दादा, प्या.”

त्याने हातोडा ठेवला, एका दमात तांब्या संपवला आणि पुन्हा हातोडा उचलला. सोनाबाई रिकाम्या तांब्यात पाहत उभ्या राहिल्या. माझ्याशी त्या नंतर बोलल्या नाहीत.

मी परत आलो. स्वर्ग, कैलास, निर्वाण यांपैकी कशाचाही पत्ता मला देता येणार नाही. तो खडीचा ढीग मात्र अजून दाखवता येईल. महिन्याने कांबळे म्हणाले, “आई रोज तिथं तांब्या नेते.”

“माझ्यावरचा राग गेला का?” मी विचारले.

“नाही,” ते म्हणाले.