पोस्टरवरचा तिसरा हात

बऱ्याच घटना मी नोकरीबरोबर ठाण्यातच ठेवून आलो. ही एक मात्र माझ्यामागोमाग घरी आली आणि अजून मुक्कामाला आहे. 'तुमच्या हाताखालून गेलेली सगळ्यात मोठी केस कुठली?' असं लोक विचारतात, तेव्हा त्यांना खून-दरोडा ऐकायचा असतो. मी त्यांना एका पोस्टरची गोष्ट सांगतो. त्यात खून झाला नाही आणि मला अभिमान आहे तो त्याचाच.

तेव्हा मी कर्जत तालुक्यात सहायक निरीक्षक होतो. कुणाचंही नाव सांगणार नाही. सगळी माणसं हयात आहेत आणि आपापल्या संसारात आहेत.

सकाळची हजेरी आटोपली होती. तेवढ्यात कशेळ्याहून आमच्या खबऱ्याचा फोन आला. हा गडी कशेळे-कर्जत जीप चालवायचा. जीपमध्ये लोक काय वाट्टेल ते बोलतात, त्यामुळे त्याच्याइतकी पक्की खबर कुणाचीच नसायची.

"साहेब, आज बाजारात राडा होणार. त्या गाणेवाल्याला उचलायचं ठरलंय. मुलीचा भाऊ नाक्यावर उभा हाय, संगती पोरं हायत."

"गाणेवाला कोण?"

"अवो, पोस्टर बघितलं नाय का तुमी? आख्ख्या तालुक्यानं बघितलं!"

मीही बघितलं होतं, पण पोलीस बघतो तसं नाही, येता-जाता बघतात तसं. हळदीच्या गाण्यांचा नवा अल्बम होता. गाणारा मुलगा कशेळ्याजवळच्या बौद्धवाडीतला. जयंतीला गायचा, आवाज खणखणीत. आता स्वतःचा अल्बम काढला म्हणून मित्रांनी कशेळ्यापासून दहिवलीपर्यंत भिंती पोस्टरांनी भरल्या होत्या, आणि घाट उतरणाऱ्या गाड्यांनी बघावं म्हणून पार कुंभिवलीच्या नाक्यावरही कागद डकवले होते. पोस्टर जसं असतं तसंच. मागे आभाळात वीज कडाडतेय, मध्ये सोनेरी वळणदार अक्षरं, खाली शुभेच्छुकांची गोल-गोल तोंडं, त्यातला एक गॉगल लावून मोबाइल कानाला धरलेला. हा मोबाइलवाला प्रत्येक पोस्टरवर का असतो ते मला सबंध नोकरीत कळलं नाही. गाणारा उजव्या अंगाला माइक धरून, एक हात कानावर ठेवून डोळे मिटून गातोय. आणि डाव्या अंगाला गुलाबी साडीतली एक मुलगी त्याच्याकडे बघून मोकळेपणी हसतेय. तिच्या खांद्यावर एक हात.

ती मुलगी शेजारच्या गावातल्या एका भातशेतकऱ्याची लेक. तिचं लग्न ठरलेलं होतं. पोस्टर लागलं आणि सोयरीक मोडली.

मी बीट हवालदाराला घेऊन तडक निघालो. नाक्यावर पोरं जमलेली होतीच. मी कुणाला हटकलं नाही. आधी गाणाऱ्याला त्याच्या घरून गाडीत घातलं, मग येताना भावाजवळ थांबून म्हणालो, "चल रं, तक्रार द्यायचीय ना? ठाण्यात दे." माणूस भडकलेला असला की त्याला समजवायला जाऊ नये, त्याला काम द्यावं. तो मुकाट गाडीत बसला; दोघांच्या मध्ये हवालदार बसवला. आईवडील आणि मुलगी मागून आले. दोन वस्त्या, दोन समाज. नाक्यावर एक काठी उगारली गेली असती, तर महिनाभर आमचा बंदोबस्त हटला नसता, आणि तो गाणारा जिवानिशी गेला असता.

ठाण्यात तिघांना वेगवेगळं बसवलं. गाणारा हात जोडूनच बोलायला लागला. "साहेब, बाबांची शपथ, मी हिला वळखत पण नाय. पोस्टर दहिवलीच्या दुकानात करायला दिलं. तो बोलला, बाजूला बाई पायजे, नायतर गाणं कोण ऐकणार? मी बोललो, टाक कुनीतरी."

"आणि खांद्यावर हात?"

"त्यानंच काय ते केलं. मला कशाला विचारता?"

भाऊ खालापूर बाजूच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. अंगानं दांडगा, बोलायला त्याहून दांडगा. "साहेब, ती गुलाबी साडी आमच्या घरातली नाय. पेटी उलटीपालटी केली, माळा बघितला, कुटंच नाय. यानंच घेऊन दिली, तिनं लपवली. आणखी काय पुरावा पायजे तुमाला?" आणि त्यानं माझ्या टेबलावर डावा हात असा आपटला की चहाचा कप उलटला.

मुलगी मात्र रडत नव्हती. रडून झालं होतं बहुतेक. "ते तोंड माझंच हाय, साहेब," ती म्हणाली. "पण असा फोटो मी कधी काढला नाय. ती साडी माझी नाय. हा माणूस मी आज पयल्यांदा बघतेय. माझ्यावर कुणाचा इश्वास नाय. दादाचा पण नाय."

आता चौकशीचं एक सांगतो. खोटं बोलणारा माणूस गोष्ट पुरी करून देतो. खरं बोलणाऱ्याच्या गोष्टीला भोकं असतात, कारण त्यालाच कळलेलं नसतं काय झालं ते. हिच्या गोष्टीला भोकंच भोकं होती. मी मनाशी म्हटलं, ही खरं बोलतेय. पण मनाशी म्हणून भागत नाही, भावाला पटेल असं काहीतरी हातात पाहिजे.

पोस्टर टेबलावर पसरलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. गाणाऱ्याच्या एका हातात माइक. दुसरा हात कानावर. मी पुन्हा बघितलं. मग आमच्या महिला पोलिसाला हाक मारली.

"बाई, या माणसाला हात किती?"

"दोन, साहेब."

"मग मुलीच्या खांद्यावर आहे तो कुणाचा?"

ती पोस्टरवर वाकली आणि "अगंबाई!" म्हणून सरळ झाली. अख्ख्या तालुक्यानं ते पोस्टर बघितलं, सोयरीक मोडली, घर पेटायला आलं आणि हात कुणी मोजले नाहीत! लोक तोंडं बघतात, हात बघत नाहीत.

सोनेरी अक्षराच्या शेपटीनं तो हात अर्धा झाकला होता, पण बोटं दिसत होती. करंगळी आखूड, वरचं पेर नसलेली. आणि तशी करंगळी मी जरा वेळापूर्वी चहाच्या कपाशेजारी बघितली होती! भावाची करंगळी प्रेसमध्ये गेलेली होती. पण त्याचा तो डावा हात, पोस्टरवरचा तर उजवा. इथं माझं घोडं अडलं.

महिला पोलीस अजून पोस्टरवरच्या मुलीच्या साडीकडे बघत होती. "साहेब, हिचा पदर उजव्या खांद्यावर हाय. असा पदर कोण घेतं आपल्याकडं?"

मी पोस्टर उचललं आणि खिडकीत नेलं. कागद पातळ, बाहेर लख्ख ऊन. पाठीमागून उजेडावर धरलं, तसं चित्र उलटं झालं. पदर डाव्या खांद्यावर आला. आणि खांद्यावरचा हात डावा झाला, आखूड करंगळीसकट.

भावाला लगेच काही सांगितलं नाही. त्याला आणि मुलीला घेऊन दहिवली गाठली. दुकानदार पोलीस बघूनच अर्धा झाला. दरडावायची गरज पडली नाही. आपल्या कामाविषयी विचारलं की माणूस आपणहून बोलतो.

"साहेब, लग्नाचे अल्बम पण मीच करतो. फोटो कॉम्प्युटरवर ऱ्हातात. हिचं हसू लई चांगलं वाटलं. ती तिकडं बघत होती म्हणून फोटो फिरवला. पोस्टरला दोघं एकमेकांकडं बघायला पायजेत, नायतर डोळा पोस्टरबाहेर जातो बघणाऱ्याचा. पिवळी साडी सोनेरी अक्षरांत बुडत होती, मग गुलाबी केली."

"आणि हात?"

"तो काढला असता तर खांदा फाटला असता, साहेब. ऱ्हाऊ दिला. अक्षराखाली झाकला थोडा."

"मूळ फोटो उघड."

त्यानं उघडला. चुलत बहिणीची हळद होती. मांडवात सगळे पिवळेधमक. मधोमध ही मुलगी हसतेय, आणि ज्याच्याकडे बघून हसतेय तो तिचा सख्खा भाऊ, गालाला हळद फासलेला, डावा हात तिच्या खांद्यावर टाकलेला.

भाऊ पडद्याजवळ गेला. स्वतःच्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"ह्यो मी हाय," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"दादा," मुलगी म्हणाली, "तुझा हात तुलाच वळखू नाय आला रं?"

तो दांडगा गडी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. असल्या वेळी खाकीचं तिथं काही काम नसतं.

ठाण्यात परतल्यावर दुकानदाराचं काय करायचं ते तिला विचारलं. बिनपरवाना फोटो वापरल्याची तक्रार द्यायचा तिला हक्क होता. ती म्हणाली, "याला आत टाकून माझं तोंड भिंतीवरनं निघणार नाय. यानं मूळ फोटो छापावा, दादासकट, हळदीसकट. आणि जितं जितं ते पोस्टर हाय तितं तितं हे त्याच्यावर डकवावं."

तसंच झालं. कशेळ्याच्या नाक्यावर भर बाजारात भाऊ शिडीवर चढला. खाली गाणारा खळीची बादली धरून उभा. सकाळी ज्याला उचलायला पोरं जमली होती, तोच वरती बोट करून सांगत होता, "दादा, डावा कोपरा सुटतोय, दाबा!" आणि ती आखूड करंगळी कोपरा दाबत होती. बघ्यांत कुणीतरी म्हणालं, "आयला, हा तर भाऊ हाय तिचा!" ते ऐकायलाच मी तिथं थांबलो होतो. कुंभिवलीचा नाका आमच्या हद्दीत नव्हता. तिथल्या ठाण्याला फोन केला, तर त्यांनी स्वतः माणूस दिला सोबतीला.

मोडलेली सोयरीक घेऊन ती माणसं परत आली. मुलीनं चहा दिला आणि नकार दिला. बापानं मलाही बोलावून घेतलं होतं; त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "लेक बरोबर बोलतेय." पुढं तिचं दुसरीकडे, चांगल्या घरी जमलं.

पदकं मिळतात, कपाटात जातात. मला ताठ मानेनं मिरवावंसं वाटतं ते हे, की त्या दिवशी आमच्या ठाण्यात कुणाच्या अंगाला बोट लागलं नाही, आणि तरी एका मुलीचा शब्द खरा ठरला. त्या पोस्टरनं मला शिकवलं ते पुढं हाताखालच्या प्रत्येक माणसाला सांगत आलो. पुराव्याकडे बोट दाखवण्याआधी त्यातले हात मोजा. आणि डोळ्यात डोळे घालून 'मी नाही' म्हणणाऱ्या माणसाला निदान एक दिवस द्या.

तिच्या हळदीला मला बोलावणं होतं. गायला तोच मुलगा होता, एका हातात माइक, दुसरा कानावर. भावानं बहिणीला हळद लावली आणि फोटोसाठी तिच्या खांद्यावर हात टाकला. फोटोवाला बटण दाबणार, तेवढ्यात ती मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांब रं! दादाचा हात पुरता येऊ दे आधी."