दिसतंय, मग विचारतेस कशाला?

प्रिस्किलाची नोकरी जूनमध्ये पक्की होईल की जाईल, ही चिंता काही केल्या डोक्यातून जात नाही. माझी लेक नाशिकच्या एका महाविद्यालयात स्पीच थेरपी शिकवते. बोलायला अडणारी मुलं कशी ओळखायची, त्यांना बोलतं कसं करायचं, हे तिचे विद्यार्थी तिच्याकडून शिकतात. सात वर्षं कंत्राटावरच आहे. पीएच.डी.चा प्रबंध फेब्रुवारीत दिला, तरच कायमची जागा. आणि या बाईने दोन वर्षांचं काम स्वतःच्या हाताने बाजूला सारलं.

विषय घरचाच होता. आमच्या नवापूरकडच्या डोंगरातली, घरी मावची बोलणारी चार वर्षांची मुलं किती आणि कसं बोलतात? चित्रं घेऊन ती पाड्यापाड्यांवर फिरली. बैल, कोयता, मोहाची फुलं. "हे काय आहे?" असं मावचीतच विचारायची. मुलं गप्प. तिसातली एकोणीस तिच्या कागदावर 'बोलण्यात मागे' ठरली.

मग चिंचपाड्याच्या पुढे एका पाड्यावर दिवलीबाई भेटल्या. त्यांचा नातू मिथुन चित्राकडे नुसता बघत बसलेला. प्रिस्किलाने तिसऱ्यांदा विचारलं, तशी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता म्हातारी म्हणाली, "बाई, तुझे डोळे गेले का?"

"नाही, आजी."

"मग बैल दिसतोय की तुला. पोराला कशाला विचारतेस? त्याला वाटतं, एवढी शिकलेली बाई, आपली थट्टा करते."

हे सांगताना प्रिस्किला पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. एकोणतीस वर्षं मी शाळेत खडू हातात धरून हेच विचारत आले. आपल्या घरात मोठं माणूस माहीत असलेली गोष्ट लहानाला विचारत नाही, हे मलाही ठाऊक होतं. वर्गात शिरले की विसरायचे. किती पोरांच्या नावापुढे 'बोलत नाही' लिहिलं असेल, देव जाणे.

तिने पद्धतच बदलली. आता आजी चित्राकडे पाठ करून बसते, चित्र फक्त मुलाला दिसतं, आणि आजी खरंच विचारते, "काय रे दाखवलं तुला त्या बाईने?" मिथुन तर थांबेचना. बैलाचं एक शिंग मोडलंय, त्याला कोणी पाणीसुद्धा दिलं नाही, आणि या बाईला बैल सांभाळता येत नाही!

मागे ठरलेल्या एकोणिसांतली अकरा मुलं तिने पुन्हा तपासली. दहा घडाघडा बोलली. उरली ती रिना. तिला खरोखरच कमी ऐकू येत होतं. एकोणिसांच्या गर्दीत ती हरवूनच गेली असती. आता तिला कानाचं मशीन मिळालंय.

प्रिस्किलाच्या गाईड म्हणाल्या, "पद्धत हीच ठेव, पण सगळ्या तीस मुलांना. मुदत वाढणार नाही." तिसातली अकरा झाली, अजून एकोणीस राहिलीत. दिवाळी झाली की पाड्यांवरची कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातील. आज्या आत्ताच भातकापणीला जातात, पाठ करून बसायला माणूस नाही. म्हणून परवा तिने मला विचारलं.

"मम्मी, तू बस ना. वर्गात पोरांकडे पाठ करून फळ्यावर लिहायचीस, सवय आहे तुला."

"जुनेच कागद दिले असतेस, तर एव्हाना डॉक्टर झाली असतीस," मी म्हणाले. "माझे गुडघे दुखतात."

"बरं," एवढंच म्हणाली, पप्पांची तब्येत विचारली आणि फोन ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

जुने कागद दिले असते, तर नोकरी मिळाली असती आणि निदान दहा धडधाकट पोरं छापील पुस्तकात कायमची मुकी झाली असती. ते तिला जमलं नाही. गेल्या रविवारी घरी आली तेव्हा केसांत भाताचं तूस होतं, दोन ताटं जेवली, आणि चिंता फक्त माझ्याच तोंडावर होती. पोर सुखात आहे. मलाच ते बघवत नव्हतं की काय?

गुडघे चढताना दुखतात, बसताना नाही. ती अजून पेपर तपासत जागीच असेल. फोन लावते. उचलला की सांगणार आहे, शनिवारी सकाळी मला घ्यायला ये, आणि चित्रं मला अजिबात दाखवू नकोस.