धंतोलीतली भरती

शामला धंतोलीच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली त्या वर्षी, म्हणजे बाहत्तर साली, उन्हाळा फार कडक होता. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या आणि त्यांच्यावर पाणी मारायचं कामही तिच्याकडेच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाकावर बसून पट्ट्या गुंडाळत होती. एवढ्यात दारातून वॉर्डबॉय रुपराव ओरडला, "भरती आलीऽ! भरती!"

शामलानं पट्ट्या टाकल्या, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि कुणाला काही कळायच्या आत ती बाकावर उभी राहिली. नुसती उभी नाही, एका हातानं खिडकीचा गज घट्ट धरून.

दारातून स्ट्रेचर आत आलं. सावनेरकडचा कुणीतरी पोटदुखीनं तळमळत होता. नागपुरात पेशंट दवाखान्यात दाखल झाला की 'भरती आली' म्हणतात, हे एव्हाना शामलाला माहीत होतं. पण माहीत होतं ते डोक्याला. पायांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"काहून वं," रुपराव हसायला लागला, "उंदीर पाह्यला काय?"

"हो, उंदीर होता," शामला म्हणाली आणि खाली उतरली.

बाकावर चढणं पुन्हा झालं नाही, तेवढं तिनं स्वतःला आवरलं. पण ती हाक आली की ती जागच्या जागी थिजायची आणि हाताशी येईल ते धरून ठेवायची. रुपरावाच्या ते ध्यानात आलं. मग काय, त्याला खेळच मिळाला. कधी जिन्यावर, कधी पाणी भरताना, मागून हळूच यायचं आणि कानाशी म्हणायचं, "भरती आली वं, बाई!" तो मनानं वाईट नव्हता. त्याला वाटायचं, पोरगी उंदरालाच भिते.

असं होता होता एक दिवस शामला एका म्हातारीच्या खाटेशी सलाईनची बाटली धरून उभी होती. बाहेरून खरीच हाक आली. बाटली हातातून निसटली. तेव्हा बाटल्या काचेच्या असत. वॉर्डभर काचा झाल्या. डॉक्टर आले, काचा पाहिल्या, शामलाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "महिना संपू द्या. मग पाहू, ठेवायचं की नाही."

महिन्यानंतर ठेवलं नाही तर काय, हे शामलाला ठाऊक होतं. मावशीचा नवरा रेल्वेत होता, अजनीला क्वार्टर होतं, त्यांनीच तिला शिकवून इथवर आणलं होतं. पण आता त्यांची बदली निघाली होती आणि नव्या जागी एकच खोली होती. नोकरी टिकली तर नागपुरात राहायचं, नाही तर परत देवगडकडे, काकूच्या घरी. आईबाप लहानपणीच गेलेले, तिसरं दार नव्हतं.

संध्याकाळी मागच्या मोरीवर अंजनाबाईनं तिला गाठलं. अंजनाबाई म्हणजे दवाखान्यातली सगळ्यात जुनी आया. ती बेडपॅन घासत होती आणि मान वर न करता बोलली, "या दवाखान्यात उंदीर नाही. मायी जिंदगी गेली इथं झाडू मारण्यात. काय होते तुले, खरं सांग."

शामलानं आधी टाळलं. मग म्हणाली, "आमच्याकडे भरती म्हणजे वेगळं असतं. समुद्राचं पाणी वर येतं."

"नाग नदीले पूर येते तसं?"

"नाही. रोज येतं. दिवसातून दोनदा."

"दोनदा!" अंजनाबाईनं हात थांबवला. "मंग जाते कुठी?"

"परत मागे जातं."

"अन् मंग पुन्हा येते? काही कामधंदा नाही वाटते त्याले."

शामलाला हसू आलं. हसता हसता ती सांगून गेली. मावशीलासुद्धा तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

पाणी ओसरलं की काकू पोरांना घेऊन खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, कालवं काढायला जायची. कालवं खडकाला चिकटलेली असतात, लहान कोयतीनं ठोकून सोडवावी लागतात. शिंपल्याची धार बोटांना लागायची आणि त्यावर खारं पाणी. रडलं तर जेवण नाही. सगळी पोरं पाठ वाकवून कामात, त्यामुळे पाण्यावर नजर ठेवायची ती एका मोठ्या माणसानं. पाणी फिरलं की त्यानं ओरडायचं, "भरती आलीऽ!" की सगळ्यांनी टोपल्या उचलून किनाऱ्याला पळायचं. ते मोठं माणूस म्हणजे काकू.

त्या दिवशी सकाळी शामलानं न विचारता भात वाढून घेतला होता, त्यावरून घरात आरडाओरडा झाला होता. नऊ वर्षांची होती ती. कालवं काढता काढता मागे वळून पाहिलं तर काकू नाही, तिची पोरं नाहीत आणि किनारा आणि ती यांच्यामध्ये पाणी. ती सगळ्यात उंच खडकावर चढली, भेगेत बोटं घालून उभी राहिली. पाणी छातीशी आलं. खेकडे धरणाऱ्या एका माणसानं होडीतून येऊन तिला उचललं. टोपली वाहून गेली. घरी गेल्यावर टोपलीसाठी मार बसला.

"काकूला विचारलं मी, हाक का नाही मारलीस. तर म्हणाली, 'साद घातलंय मी, तुकाच आयकाक इला नाय.'" शामला म्हणाली. "पण त्या दिवशी वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. किनाऱ्यावर कुणी खोकलं असतं तरी मला ऐकू आलं असतं."

अंजनाबाईनं बेडपॅन पालथं घातलं. "तिनं हाक मारलीच नसन," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे वाक्य शामलानं स्वतःशीही पुरं होऊ दिलं नव्हतं.

"आता असं कर," अंजनाबाई पदराला हात पुसत म्हणाली. "उद्यापासून दारात तू उभी राह्य. हाक तूच मारत जाय."

"मी?"

"जो हाक मारते त्याले आधी दिसते ना वं. तो काहून भेईन?"

रुपराव ऐकेना. "मायं काम आहे ते! माया आवाज आहे म्हणून दवाखाना चालून राहिला."

"तुया आवाजानं पेशंट बरे होत नाही गा रुपराव," अंजनाबाई म्हणाली. "तू स्ट्रेचर उचल. अन् तिच्या मागून बोंबललास तर पाह्य मंग."

पहिल्या दिवशी शामलाच्या तोंडून आवाजच फुटला नाही. पेशंट मुकाट आत आला आणि मोठ्या सिस्टरनी तिला झापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात जीप थांबली. मागे एक बाई आडवी होती आणि तिचा नवरा तिचं डोकं मांडीवर धरून बसला होता. शामलानं जीप पाहिली. पायऱ्या पाहिल्या. दाराची चौकट एका हातानं धरली आणि ओरडली.

"भरती आलीऽऽ!"

वाऱ्यावरून खडपापर्यंत पोचावी अशी लांब, वरच्या पट्टीतली हाक. समोरचा पानवाला ठेल्यामागून उठून उभा राहिला. डॉक्टर चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले. "अहो, हळू! दवाखाना आहे हा."

"हळू काहून?" स्ट्रेचर उचलता उचलता रुपराव म्हणाला. "कामठीचे पेशंटही ऐकून येतीन, डॉक्टरसाहेब."

शामलानं चौकट सोडली, जीपकडे गेली आणि त्या बाईचे पाय धरून तिला उतरवून घेतलं. त्या दिवशी काहीही फुटलं नाही. महिना संपल्यावर डॉक्टरांनी तिला बोलावलं, राहा म्हणाले आणि पुढे म्हणाले, "फक्त तो आवाज थोडा कमी करा."

आवाज तिनं कमी केला. पण एक खोड राहिली, ती पुढे ती नर्स झाली तरी गेली नाही. एकदा हाक मारून ती थांबायची नाही. आतून कुणीतरी "हो, आलो" म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा मारायची. नवी माणसं वैतागायची. रुपराव त्यांना सांगायचा, "बाबा, ओ द्या तिले लवकर. नाही तर थांबणार नाही ते."